आधी खिडक्या उघडायच्या

स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी गंजून बसली होती. फिटरने तिच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घातला, वरून पकडीचे दोन घाव घातले, तरी ती हलेना म्हणून तिला एक शिवी हासडली. तेवढ्यात मागून आई म्हणाली,

"अरे, खालून उचल आधी. ती अशी सुटायची नाही."

त्याने मागे वळून पाहिलं नाही. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेवटच्या दिवशी दवाखान्यात तोच तिच्या उशाशी होता, आणि नंतरचं सगळं त्यानेच केलं होतं. तेव्हा आई मागे उभी असणं शक्य नव्हतं. आणि ज्या अर्थी तिचा आवाज इतका स्वच्छ येत होता, त्या अर्थी त्याच्या स्वतःच्याच घरात गॅस भरला होता. यात त्याला काडीची शंका नव्हती.

घरोघरचे गॅसचे हीटर दुरुस्त करण्यात या माणसाचे केस पिकले होते. धूर बाहेर नेणारा पाईप तुंबला, ज्योत नीट जळेनाशी झाली, की बंद घरात एक विषारी वायू साठत जातो. त्याला ना रंग, ना वास. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग नाही नाही ते दिसायला लागतं, आणि त्यानंतर काहीच दिसत नाही. ज्या घरात रात्रीबेरात्री पावलं वाजतात अशी बोलवा असे, तिथे फिटर आपली पिशवी घेऊन हजर होई आणि जाताना म्हणे, "भूत काढून दिलंय. पुन्हा आलं तर फोन करा, वर्षभराची गॅरंटी आहे."

शाळेतल्या एका बाईंना दर संध्याकाळी आरामखुर्चीत त्यांचे गेलेले वडील बसलेले दिसायचे. फिटरने छपरावर चढून पाईपमधून पाखराचं घरटं काढलं आणि वडील दिसायचे बंद झाले. बाईंनी दारापर्यंत येऊन आभार मानले, आणि मग हळूच म्हणाल्या, "तसा त्यांचा काही त्रास नव्हता हो." हा किस्सा तो चारचौघांत बाईंच्या आवाजासकट सांगायचा, आणि माणसं पोट धरून हसायची. मुलीने, ठमीने, एकदा जेवताना त्याला छेडलं होतं, "बाबा, समजा तुम्ही मेलात आणि मेल्यावर खरंच काहीतरी निघालं, तर?" त्यावर तो म्हणाला होता, "तर मी आधी तिथला हीटर तपासेन."

आता त्याला हसू येत नव्हतं. त्याने कडी खालून उचलली. ती मुकाट्याने सुटली. त्याने दोन्ही तावदानं भिंतीपर्यंत ढकलली आणि छाती भरून श्वास घ्यायला तोंड बाहेर काढलं.

वारा आत आला नाही. बाहेर थंडीतली दुपार होती, कोपऱ्यावरच्या झाडाची पानं हलताना त्याने तासाभरापूर्वीच पाहिली होती, पण खिडकीतून काहीच आत येईना. पडदा होता तसाच लोंबत राहिला. त्याने पिशवीतून हवा तपासायचं मीटर काढलं. काटा शून्यावर होता. त्याने ते झटकलं, मांडीवर आपटलं, पुन्हा बघितलं. शून्य.

"आता तरी पटलं?" आई म्हणाली.

"विषारी हवेत डोकं गेलेल्या माणसाला काटा कुठेही दिसू शकतो," तो म्हणाला आणि आपण तिला उत्तर दिलं हे लक्षात येऊन त्याने जीभ चावली. मग वळला.

आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती. शेवटच्या दिवसांतली नव्हे, त्यांच्याही आधीची, चांगली हिंडतीफिरती. मनगटावर तव्याचा चटका बसल्याचा तो जुना डाग होता. डाग त्याला ठाऊकच होता, तेव्हा तो दिसणारच. आपल्याच डोक्यातलं सामान आपल्यापुढे मांडलं जात होतं, असं त्याने स्वतःला समजावलं. आपण या क्षणी याच फरशीवर, टेबलाच्या पायाशी, आडवे पडलो आहोत. उठायला हवं. त्याने मनातल्या मनात उजव्या हाताच्या बोटाला हुकूम सोडला, ऊठ, हल. बोट हललं, पण ते इथलं बोट होतं. त्याचा काही उपयोग नव्हता.

चूक त्याचीच होती. ती चूक दुसऱ्या कुणाची असती तर त्याने त्याची बिनपाण्याने केली असती. ठमीला दोन दिवस ताप होता. ठमी म्हणजे कॉलेज संपवून नोकरी शोधणारी घोडी, पण आजारी पडली की पाच वर्षांची व्हायची. बायको बहिणीकडे गेलेली. ठमी आतल्या खोलीत रजईत कुडकुडत होती आणि खोल्यांमधल्या अरुंद बोळातल्या हवेच्या जाळीतून गार झोत थेट तिच्या दारावर येत होता. फिटरने जुन्या टॉवेलचा बोळा केला आणि त्या जाळीत कोंबला. थोड्या वेळापुरता. मग हीटर मोठा केला, तिचं दार लोटून घेतलं आणि स्वयंपाकघरात टेबलाशी एक जुना व्हॉल्व्ह खोलून बसला. जाळी बुजवणाऱ्या गिऱ्हाइकांना तो बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर अशा थाटात झापायचा. आणि स्वतःच्या घरातला पाईप साफ करायचं मात्र दोन हिवाळे आज करू, उद्या करू म्हणून राहिलं होतं. डोकं दुखायला लागलं तेव्हा त्याला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल.

"तू किती वेळ इथे आहेस?" त्याने विचारलं.

"इथे वेळ कुठला? तू आलास तशी मी आले."

"म्हणजे मी मेलोय, असं तुझं म्हणणं."

"माझं म्हणणं काय घेऊन बसलास? आहे ते आहे." आईने पदर सारखा केला. "मलाही काही फार कळलंय असं नाही. मला वाटलं होतं, कुणीतरी घ्यायला येईल. जन्मभर हात जोडले होते रे मी. तर कुणी नाही, काही नाही. मी बापडी उभी. मग हळूहळू सवय झाली."

हे मात्र त्याला अनपेक्षित होतं. आईच्या तोंडी आपल्या डोक्याने घातलं असतं तर दिवे, फुलं, उजेड असलं काहीतरी घातलं असतं. पण मग त्याने विचार केला की डोकं आपलं आहे, त्याला दिवे-फुलं कुठून सुचणार?

"मला ठाऊक नसलेलं काहीतरी सांग," तो म्हणाला. "मी कधीच ऐकलेलं नाही, असं."

आईने मांडीवरचे हात उलटे करून बघितले.

"तू पोटात होतास तेव्हा मी घर सोडलं होतं. तुझ्या वडिलांनी हात उगारला होता. एकदाच, पण उगारला. मी लुगडी-कपडे पिशवीत भरले आणि बसस्टँडवर जाऊन बसले. दोन गाड्या सोडल्या. मग उठून परत आले. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या वडिलांनाही नाही, त्यांना वाटलं मी बाजारात गेले होते."

वडील गेलेले, आई गेलेली. हे खरं की खोटं, विचारणार कुणाला?

"हे माझं डोकंही रचू शकतं," फिटर म्हणाला.

"माझं दुःख तुझ्या डोक्याने रचलं?" आईचा आवाज चढला नाही, पण तिने तोंड फिरवलं. लहानपणी ती अशी तोंड फिरवायची तेव्हा तो कावराबावरा होऊन तिच्या मागेमागे फिरायचा. आत्ताही त्याला तिच्या मागे जावंसं वाटलं, आणि याचीच त्याला भीती वाटली. त्याने तिच्याकडे पाठ केली आणि बोळात जाऊन जाळीतला टॉवेल ओढून काढला. तिथूनही हवा आली नाही. मग त्याने बोळातली लहान खिडकी उघडली. मग बाहेरचं दार सताड उघडलं. मग उघडण्यासारखं काही उरलं नाही.

"बाळा," आई त्याच्या मागोमाग बोळात आली होती. "मघापासून बघतेय. त्या दाराकडे तू बघतसुद्धा नाहीस."

"आधी खिडक्या उघडायच्या. नियम आहे."

"नियम राहू दे. मुलगी आत आहे ना?"

फिटरने ठमीच्या दाराच्या मुठीवर हात ठेवला. मूठ गार होती. ती खाली दाबायची आणि दार ढकलायचं, एवढंच काम होतं.

"ती दिसली तर?" तो म्हणाला.

"दिसली तर काय? तुझ्या मते हे सगळं खोटंच आहे की."

"हो."

"मग उघड."

त्याच्याने उघडवेना. आत ठमी पलंगावर उठून बसलेली असली, आई दिसतेय तशीच लख्ख, आणि म्हणाली, "बाबा, माझं डोकं दुखायचं थांबलं," तर काय करायचं? उभ्या आयुष्यात ज्या गोष्टीची त्याने टर उडवली होती, ती आता दाराच्या पलीकडे असेल असं त्याला वाटत होतं. आपण घाबरायला नको, आपल्याला घाबरायचं कारणच नाही, असं तो स्वतःला बजावत होता आणि घाबरतच होता.

"तू उघड," तो आईला म्हणाला.

आईने त्याचा हात बाजूला केला. तिने मूठ दाबली.

पलंगावर कुणी नव्हतं. रजई एका बाजूला ढकललेली होती, उशीवर डोक्याचा खळगा होता, स्टुलावर पाण्याचा पेला आणि गोळ्यांचं पाकीट होतं. खिडकी बंद. फिटरने पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, दाराआड पाहिलं.

आई मटकन पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "नाही इथे," ती म्हणाली. "नाहीय रे. मी मघापासून कान लावून बसले होते, आतून खोकला तर येत नाही ना म्हणून. वाचली पोरगी. तिला जाग आली असेल, बाहेर पडली असेल. इथे नाही म्हणजे तिकडे आहे."

फिटरच्या छातीवरचं ओझं उतरलं. अगदी उतरलंच. त्याने भिंतीला पाठ टेकली आणि त्याचे डोळे भरून आले. मग एकाएकी तो ताठ झाला.

"थांब," तो म्हणाला. "हे तुझं खरं असेल तरच."

"म्हणजे?"

"हे मेल्यानंतरचं असेल, तर ती इथे नाही म्हणजे वाचली. कबूल. पण मी जिवंत असेन, नुसता फरशीवर पडलेला असेन, आणि हे सगळं माझ्या डोक्यात चाललेलं असेल, तर ती इथे नाही याला काय अर्थ आहे? मला ती इथे नकोय, म्हणून मला पलंग रिकामा दिसतोय. खरी ठमी याच पलंगावर आहे. दार बंद, खिडकी बंद, जाळीत बोळा. आणि मी इथे आईशी गप्पा मारत बसलोय."

"अरे पण—"

"ऐक. तुझं खरं धरलं आणि ते चुकीचं निघालं, तर माझी मुलगी गुदमरून जाईल. माझं खरं धरलं आणि ते चुकीचं निघालं, तर काय होईल? मी नुसता दमेन."

तिच्या लेकाशी वाद घालून कुणी कधी जिंकलं नव्हतं.

बेशुद्ध माणसाला पांघरुणावर घेऊन ओढत न्यायचं असतं. हे फिटरने कितीतरी जणांना शिकवलं होतं. त्याने रजई पलंगभर सरळ केली, उशीच्या बाजूची दोन टोकं मनगटाला गुंडाळली आणि ओढली. रजई अलगद जमिनीवर आली. ती ओढत तो मागेमागे बोळातून निघाला. हीटरजवळच्या वळणावर त्याने ती जपून वळवली, उंबऱ्यावरून उचलून घेतली आणि बाहेरच्या पायऱ्यांवर नीट आडवी केली. मग गुडघ्यांवर बसून त्याने तिचं टोक उघडलं. आत काही नव्हतं.

समोर शिंप्याचं दुकान उघडं होतं. शिलाई मशीनच्या सुईखाली अर्धवट शिवलेलं कापड होतं. शिंपी नव्हता. रस्ताभर एकसारखा उजेड पडला होता, आणि कशाचीच सावली नव्हती. "कुणी आहे का?" फिटर ओरडला. "मुलगी आत आहे! कुणीतरी या!" त्याचा आवाज तोंडाबाहेर पडला आणि तिथेच संपला. तो कान देऊन उभा राहिला. मग त्याला ती शांतता सोसवेना आणि तो धावत आत गेला.

बोळातल्या जाळीत पुन्हा टॉवेलचा बोळा होता. लहान खिडकीची कडी लागलेली होती. ठमीचं दार लोटलेलं होतं. त्याने ते लाथेने उघडलं. रजई पलंगावर होती, एका बाजूला ढकललेली, आणि उशीवर तोच खळगा होता. तो उलट्या पावली बाहेर आला. पायऱ्या रिकाम्या होत्या.

"बघितलंस?" तो आईला म्हणाला. त्याला धाप लागली होती, आणि आवाज चिरकला होता. "स्वप्नात असंच होतं. केलेलं काम पुन्हा होतं तसं दिसतं."

"इथेही असंच होतं," आई म्हणाली. "मी गेले तेव्हा माझं सगळं लक्ष तुमच्या जेवणात. पोरं उपाशी असतील, हाच घोर. मी रांधायची, ताटं वाढायची, आणि वळून बघावं तर ताटं कोरी. पुन्हा रांधायची. पुन्हा कोरी."

"मग?"

"मग एकदा सोडून दिलं."

"का?"

"म्हटलं, जेवत असतील तिकडे."

"तुला कसं कळलं?"

"कळलं कुठे? मानलं."

फिटर तिच्याकडे बघत राहिला. त्याला तिचा हेवा वाटला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणा मानणाऱ्या माणसाचा हेवा वाटला, आणि तो लपवावा असंही वाटलं नाही.

"मला नाही जमणार, आई," तो म्हणाला. "मला मानायचंय. इतकं मानायचंय की काय सांगू. पण मी मानलं आणि खाली बसलो, आणि ती आत असली तर?"

"नको मानू," आई म्हणाली.

ती आत गेली. त्याला वाटलं, आता पुन्हा पलंगावर बसेल, पुन्हा समजूत घालेल. पण ती पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली आणि तिने रजई दोन्ही हातांनी सारखी केली, तापातल्या मुलाच्या अंगावर घालतात तशी.

"एकट्याने ओढतोस, त्यात वेळ जातो," ती म्हणाली. "तू डोक्याकडून धर. मी पायाकडून घेते."

तिने वाकून आपल्या बाजूची दोन टोकं मुठीत धरली. फिटर उशीच्या बाजूला आला. त्यानेही टोकं मनगटाला गुंडाळली. पण तो उचलेना. रजईकडे बघत तसाच वाकून उभा राहिला.

"काय झालं रे?"

"तू आधी उचल," तो म्हणाला. "तुझी बाजू. थोडीशीच."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग तिच्याही लक्षात आलं, आणि क्षणभर तिचीही हिंमत होईना. डोळे मिटून तिने रजईचं टोक वर उचललं.

"जड लागतेय का?"

"नाही."

"नीट बघ, आई."

"नाही रे. काहीच नाही. नुसती रजई आहे."

त्याचे खांदे खाली आले. कितीतरी वेळ कोंडून ठेवलेला श्वास बाहेर पडला आणि त्याच्या मागोमाग एक हुंदका आला. तो त्याने आवरला नाही.

मग त्याने आपली बाजू उचलली.

"चल," तो म्हणाला. "सावकाश. उंबऱ्याला तिचं डोकं लागेल."